अण्णा, ते डिफरन्शियल आणि तो मे महिना

अण्णा,

गेले दोन आठवडे घरात माणसं येतायत. बाहेरच्या खोलीत तुमचा फोटो ठेवलाय, त्याच्यासमोर बसून तुमच्याबद्दल बोलतायत. कारखान्यातले लोक तुमची शिस्त सांगतात, कॉलनीतले पाण्याच्या लाइनसाठी तुम्ही महापालिकेत घातलेल्या खेपा सांगतात. सगळं खरं आहे. मी चहा देते, मान हलवते. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच काही चालू असतं. ठोकळ्यांवर चढवलेली गाडी, तिच्याखालून बाहेर आलेले तुमचे दोन पाय, एका पायात स्लिपर आणि दुसरी कुठेतरी गेलेली, आणि खालून येणारा आवाज, "माधवी, बॅटरीचा उजेड जरा डावीकडे घे. तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे."

त्याबद्दल बोलायला कुणी येणार नाही. ते तुम्हाला आणि मलाच माहीत होतं. म्हणून आज लिहायला बसले.

ती गाडी मी श्रीकांतशी लग्न होऊन या घरात सून म्हणून यायच्या आधीच आली होती. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यामागे पत्र्याखाली वर्षानुवर्षं उभी होती, ती तुम्ही रिटायर व्हायच्या सुमारास ओढून आणलीत. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची. इतकी बुटकी की आत बसून हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल असं वाटायचं. आणि हलकी. मागच्या बंपरला धरून तुम्ही आणि श्रीकांत तिला जागच्या जागी सरकवायचात. आईंना ती कधीच आवडली नाही. "सगळे लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, यांनी खेळणं आणलं," असं त्या येईल त्याला सांगायच्या. तुम्ही आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर तपासलेत. एखादी गाडी आपली असावी आणि तिचा प्रत्येक नट आपण उघडलेला असावा, एवढीच तुमची हौस होती.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये आमची मुलगी गेली. गेली म्हणायचं, कारण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. ती आलीच नव्हती. सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली आणि दोन दिवसांनी मी रिकाम्या हातांनी दवाखान्यातून घरी आले. आईंनी आधीच दुपटी, झबली बांधून कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यांच्या दृष्टीने तेच बरोबर होतं. घरात त्या विषयावर कुणी एक अक्षर काढायचं नाही असं न ठरवताच ठरलं. श्रीकांतची बँकेची शाखा तेव्हा मालेगावला होती. तो सकाळी सातच्या गाडीला जायचा आणि परत आला की जेवून टीव्हीसमोर बसायचा. मला वाटायचं, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटायचं, हिच्याशी बोललं तर ही रडेल. शाळेतून मी रजा काढली होती. नववी-दहावीला शास्त्र शिकवणारी मी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

तुम्ही माझ्या खोलीच्या दारावरून दिवसातून चार वेळा जायचात. दाराशी आलात की खाकरायचात. एखादा क्षण थांबायचात आणि पुढे जायचात. सासरा सुनेच्या खोलीत येत नाही, आणि आला तरी काय बोलणार? मला तुमचं ते खाकरणं अजून ऐकू येतं.

मे लागला त्या आठवड्यात एका सकाळी तुम्ही खाकरलात आणि पुढे गेला नाहीत.

"माधवी, जरा मागे ये. बॅटरी धरायला कुणी नाहीये."

मी उठून बसले. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "अहो, तिला कशाला ओढताय त्या काळ्या तेलात? दोन महिने नाही झाले तिला. ओल्या बाळंतिणीचं अंग आहे."

'बाळंतीण' हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता. आई स्वतःच दचकल्या असाव्यात, कारण नंतर भांड्यांचासुद्धा आवाज आला नाही. तुम्ही तेवढ्याच शांतपणे म्हणालात, "बॅटरी धरायची आहे. पोतं उचलायचं नाहीये."

मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर गाडीचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढलेला होता. मागची चाकं काढून पेरूच्या झाडाला टेकवलेली होती. तुम्ही मला समजावून सांगितलंत, जणू मी विचारलं होतं. वेग चाळीसच्या पुढे गेला की मागून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. डिफरन्शियलची बेरिंगं गेली आहेत. आता नाही उघडलं तर कुठेतरी रस्त्यात अडकून पडायला होईल. "गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक चाक घासत जाणार. म्हणून मधे हे."

"मला माहीत आहे. बी.एस्सी.ला होतं," मी म्हणाले. दोन महिन्यांत मी कुणाशी इतकं लांब वाक्य बोलले नव्हते.

"पुस्तकात होतं ना? मग आता हात घालून बघ."

पहिल्या दिवशी मी फक्त बॅटरी धरली. दुसऱ्या दिवशी पाने काढून द्यायला लागले. तुम्ही "अर्ध्याचा", म्हणजे अर्ध्या इंचाचा, म्हणायचात आणि मी चुकीचा द्यायचे. तुम्ही तो न बोलता परत करायचात. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे एक्सल बाहेर निघाले, मधला शाफ्ट सुटला. गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास माझ्या साडीला लागला. धुतला तरी गेला नाही, म्हणून चौथ्या दिवसापासून मी जुना पंजाबी ड्रेस घालून यायला लागले. सासऱ्यांसमोर मी पहिल्यांदाच तसा ड्रेस घातला होता. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. आईंनी बघितलं, पण त्याही काही बोलल्या नाहीत.

मग डिफरन्शियलचा तो गोळा बाहेर काढायचा दिवस आला. तुम्ही खाली आडवे झालात, मी बाजूला बसले. "उचलायचं नाही," तुम्ही तीनदा बजावलंत. "मी फळीवर ठेवतो, तू फळी ओढायची. फक्त ओढायची." खालून दोन-तीन ठोके आले, तुमचा दम लागलेला ऐकू आला, आणि ते जड, काळं धूड फळीवर बसलं. मी ओढून बाहेर घेतलं. तुम्ही तुमचं जुनं धोतर फाडून फडकी केली होती. मी फरशीवर मांडी घालून ते पुसायला लागले. दात, त्यांच्या खाचा, बेरिंगच्या कडा. पुसता पुसता मी रडायला लागले. दवाखान्यातून आल्यापासून मी रडले नव्हते. आवाज काढून, नाक वाहेपर्यंत रडले, आणि हात मात्र पुसतच राहिले.

तुम्ही गाडीखालून बाहेर आलात. उभे राहिलात. मग नळाशी गेलात आणि खूप वेळ हात धुतलेत. इतका वेळ कुणी हात धूत नाही, अण्णा. मला कळत होतं तुम्ही तिथेच आहात. परत आलात तेव्हा माझं रडणं थांबलं होतं. तुम्ही रॉकेलची वाटी आणि जुना टूथब्रश माझ्यापुढे ठेवलात. "दातांच्या मुळाशी चिखल आहे बघ," म्हणालात.

नवी बेरिंगं मुंबईहून यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत दाताच्या मुळाशी कणभर घाण ठेवली नाही मी. संध्याकाळी श्रीकांत मालेगावहून आला की दारातच नाक वर करायचा. एकदा त्याने विचारलं, "आज काय केलंत दोघांनी?" मी अर्धा तास सांगत बसले. तो ऐकत होता. मधेच त्याने माझ्या नखांतला काळा मळ बघितला आणि माझा हात हातात घेऊन बसला. दोन महिन्यांत आम्ही एकमेकांना स्पर्श केला नव्हता. हे तुम्हाला कधी कळलं नसेल. कसं सांगणार होते?

बेरिंगं आली आणि खरं काम सुरू झालं. मोठं चाक आणि छोटं चाक, त्यांच्या दातांत किती मोकळीक हवी, ते पातळ चकत्या घालून ठरवायचं. मोकळीक जास्त झाली तर गाडी खडखडणार, कमी झाली तर दात जळणार. तुम्ही कपाटातून मखमलीच्या डबीतलं, ती मोकळीक मोजायचं डायल गेज काढलंत. रिटायर होताना तुम्ही स्वतःसाठी घेतलेलं ते एकच हत्यार. दहा ते पंधराच्या मधे काटा हवा, तुम्ही सांगितलंत. चाक हलवलंत, डोळे बारीक करून वाकलात आणि म्हणालात, "तेरा! पहिल्या फटक्यात तेरा. लिही."

मी तुमच्या खांद्याशी उभी होते. काटा तेविसावर होता.

मी वहीत तेरा लिहिलं.

का बोलले नाही? तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो त्या घरात कितीतरी दिवसांनी दिसला होता, म्हणून. आणि तुम्ही पस्तीस वर्षं हेच काम केलेलं. "अण्णा, तुम्हाला दिसत नाहीये," हे वाक्य सुनेने कसं म्हणायचं? तुम्ही बेरिंगांवरच्या झाकणांचे नट आवळलेत, प्रत्येकावर खडूची एकेक रेघ ओढलीत, म्हणजे तो पक्का झाला, आणि जेवून झोपायला गेलात.

दुपारी घर निजलं होतं. मी मागे गेले, नट सोडले, एका बाजूची पातळ चकती काढून दुसऱ्या बाजूला घातली, पुन्हा आवळले, डायल लावलं. सतरा. पुन्हा उघडलं. तिसऱ्या खेपेला काटा तेरावर आला. दातांना निळा रंग लावून फिरवून बघितलं. ठसा दाताच्या बरोबर मधे उमटला. तुम्हीच तर शिकवलं होतंत कसा दिसायला हवा ते. मग रंग पुसला, खडू घेतला आणि रेघा पुन्हा ओढल्या. माझा कुडता घामाने भिजला होता. पण त्या दुपारी मला खूप दिवसांनी भूक लागली. पोळीच्या डब्यातल्या दोन पोळ्या मी उभ्याउभ्या गुळाशी खाल्ल्या.

चार दिवसांनी गाडी जमिनीवर उतरली. तुम्ही मला म्हणालात, "बस." आईंनी दारातून बघितलं. सून सासऱ्याच्या शेजारी, उघड्या गाडीत, गावासमोर! त्यांचा चेहरा मला आठवतो. पण त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी स्कार्फ घेऊन आल्या. "केसांत धूळ जाईल," एवढंच म्हणाल्या.

त्र्यंबक रोडला सातपूर मागे पडलं आणि तुम्ही चाळीसच्या पुढे गेलात. पन्नास. साठ. समोर अंजनेरी उन्हात उभी. मागून काही आवाज नाही. नुसता वारा. तुम्ही माझ्याकडे वळून ओरडलात, "ऐकलंस? काही ऐकू येतंय?"

"नाही!"

"तेच!"

त्यानंतर किती वर्षं आपण हिंडलो! श्रीकांतला त्या गाडीत कंबर दुखायची, आई बसायला तयार नसायच्या, त्यामुळे डावी सीट माझीच झाली. जूनमध्ये मी शाळेत परत रुजू झाले, पण रविवार आपला ठरलेला. घोटीला जाऊन नवा तांदूळ आणायचा, त्याची पिशवी सीटमागच्या बोळकांडीत कोंबायची आणि येताना दोघांनी पाठीला टोचत असल्याची तक्रार करायची. भातखाचरांच्या कडेला गाडी थांबवून तुम्ही बॉनेट उघडायचात, कारण नसताना. शाळेतल्या भांडणांपासून ते मला पुन्हा दिवस गेले आहेत इथपर्यंत सगळं मी तुम्हाला त्या सीटवर सांगितलं. आईंनासुद्धा नंतर कळलं. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, थांबवलीत आणि मग वीसच्या वेगाने नाशिकपर्यंत आणलीत. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. ईशान झाला तेव्हा दवाखान्यात तुम्ही सगळ्यात शेवटी आत आलात आणि त्याच्याकडे न बघता आधी मला विचारलंत, "तू कशी आहेस?"

आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात. "पहिल्या फटक्यात तेरा! डोळ्यांवर चष्मा, वय साठ, तरी हात बघा." मी शेजारी उभी राहून हसायचे.

मग ती गाडी तुम्ही विकलीत.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली होती, गुडघे गेले होते, त्या बुटक्या सीटमधून तुम्हाला उठवायला दोन माणसं लागायची. सगळं मान्य. पण मला सांगायचं तरी! मी शाळेतून आले तर विंचूरचे ते डॉक्टर अंगणात उभे, हातात किल्ली. तुम्ही त्यांना गाडी दाखवत होतात. मी ऐकू येईल इतक्या जवळ आले तेव्हा तुम्ही म्हणत होतात, "डिफरन्शियलला हात लावू नका. आणि लावायची वेळ आलीच तर हिला बोलवा. ते हिने बसवलंय. माझं रीडिंग चुकलं होतं, हिने दुरुस्त केलं."

माझ्या खांद्यावरची पर्स घसरून खाली पडली.

डॉक्टर गाडी घेऊन गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या रेघा उजवीकडे कलतात. तू डावखुरी. सगळ्या रेघा उलट्या कललेल्या होत्या."

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी?"

"त्याच संध्याकाळी."

"मग आठ वर्षं लोकांना तेरा तेरा काय सांगत होतात?"

"तेराच होतं की शेवटी."

मला हसू यायला हवं होतं. पण अंगणातली रिकामी जागा दिसत होती आणि मला राग आला होता. "विकण्याआधी मला विचारायचं होतं, अण्णा. मी चालवली असती."

"तू कधी चालवलीस ती?"

"तुम्ही कधी दिलीत?"

"तू कधी मागितलीस?"

ते भांडण तिथेच राहिलं. मी आठ दिवस तुमच्याशी तुटक बोलले, मग विसरल्यासारखं केलं. तुम्हीही. पण मी विसरले नव्हते. इतक्या वर्षांत, त्र्यंबकच्या त्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर, एकदाही तुमच्या मनात आलं नाही की हिला स्टिअरिंग द्यावं? आतली प्रत्येक चकती माझ्या हातची, आणि मी डाव्या सीटवर. हे मी तुम्हाला ऐकवायला हवं होतं. आणि मी मागायला हवं होतं, हेही खरं आहे. तुम्ही गेल्यावर भांडण संपेल असं मला वाटलं होतं. संपलेलं नाही. कालही मी भाजी चिरताना तुम्हाला उत्तर देत होते.

दवाखान्यातल्या त्या दुपारी मात्र तुम्ही भांडणाचं काही बोलला नाहीत. छातीतलं पाणी काढल्यामुळे तुम्हाला बरं वाटत होतं. श्रीकांत औषधं आणायला खाली गेला होता. मी मोसंब्याच्या फोडी सोलत होते.

"त्या मे महिन्यात," तुम्ही एकदम म्हणालात, "तुझ्याशी काय बोलावं मला समजत नव्हतं. रोज दारापर्यंत यायचो."

मी सोलायची थांबले.

"म्हणून मग ते उघडलं."

"म्हणजे? ते खराब नव्हतं?"

"होतं. आवाज करत होतं ना. पण अजून दोन वर्षं सहज चाललं असतं."

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. तुम्ही छताकडे बघत होतात. त्या वयात, त्या उन्हात, तुम्ही अंगणात पाठीवर झोपून नट सोडले होतेत, कारण तुम्हाला माझ्या खोलीत येऊन बसता येत नव्हतं.

थोड्या वेळाने तुम्ही विचारलंत, "तिचं नाव ठरवलं होतंस का गं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. श्रीकांतने नाही, माझ्या आईने नाही. नाव ठरलेलं होतं. पाचव्या महिन्यापासून मी तिला मनातल्या मनात त्याच नावाने हाक मारत होते. ते ओठांवर आलं, आणि मला वाटलं आता उच्चारलं तर मी त्या मे महिन्यासारखी रडेन, तुम्ही घाबराल, तुमचा श्वास लागेल. मी म्हणाले, "नंतर सांगते, अण्णा. आता पडा जरा."

तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. पहाटे तुम्हाला श्वासाच्या मशीनवर घेतलं. चार दिवस मी काचेबाहेर उभी होते. आत सोडलं तेव्हाही, नळ्यांमधल्या त्या चेहऱ्याशी काहीच बोलता आलं नाही.

काल सगळे पाहुणे गेल्यावर मी श्रीकांतला सांगितलं, दवाखान्यातलं सगळं, आणि नावही. तो म्हणाला, "मी पण एक ठरवलं होतं." त्याने त्याचं सांगितलं. बारा वर्षं आम्ही एकाच घरात दोन नावं घेऊन राहत होतो, अण्णा. आम्ही दोघं मग मागच्या पायरीवर बसून राहिलो, आणि आई आतून येऊन आमच्याशेजारी बसल्या. कुणी उठलं नाही.

त्याने ठरवलेलं नाव त्याचं तो तुम्हाला सांगेल. मी ठरवलेलं केतकी होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. केतकी, अण्णा.